साम, दाम, दंड आणि दळण

परवा माझा भाचा काशीमीऱ्याच्या एका हॉटेलातलं शिबिर करून आला. कंपनीनेच पाठवलं होतं. विषय काय, तर प्राचीन युद्धनीती आणि आजचा व्यवसाय. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात चकचकीत फाइल, आणि माझ्याच सोफ्यावर पाय दुमडून बसून मला शिकवतोय, "मावशी, स्पर्धकाला त्याच्या मैदानात जाऊन भिडायचं नसतं. त्याला आपल्या खिंडीत ओढायचं असतं!"

मी म्हटलं, "अरे गधड्या, एवढं ऐकायला हायवेपर्यंत कशाला तडफडलास? आमच्या बिल्डिंगखाली हे फुकट मिळायचं. वर दळणही व्हायचं."

त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? त्याने सबनीसबाई बघितल्याच नाहीत. आमच्या नवघर रोडच्या गल्लीत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर जिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात ना, तिथे सबनीसबाईंची पिठाची गिरणी होती. तो नाश्ता करून निघून गेला आणि माझा सगळा दिवस बाईंच्या आठवणीत गेला. कामाला हात लागेना.

बाई खरं म्हणजे इतिहासाच्या शिक्षिका. अख्खी नोकरी एका मराठी शाळेत काढलेली. गिरणी त्यांच्या मिस्टरांची. मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी दादरची खोली विकून इथे भाईंदरला घर घेतलं आणि उरल्यासुरल्यातून खाली गिरणी टाकली. फार शांत माणूस. बोलायचेच नाहीत, गिरणीच्या आवाजात बोलून उपयोग काय असं त्यांना वाटत असावं. ते गेले आणि त्याच सुमारास बाई निवृत्त झाल्या. लोकांना वाटलं, आता गिरणी विकणार. मुलगी नाशकाहून आली, म्हणाली, "आई, चल माझ्याकडे." बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी उभा केलेला गड आहे हा. किल्लेदार गेला म्हणून किल्ल्या शत्रूला देतात का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून गिरणीत हजर.

बुटक्या, गोऱ्या, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर कायम पीठ. आवाज मात्र असा की गिरणी चालू असताना रस्त्यापलीकडच्या माणसाला त्या "छत्री विसरलात!" म्हणून ऐकवायच्या. वर्गात कमावलेला आवाज तो. बाईंच्या तोंडात सगळी लढाईचीच भाषा. गव्हाची पोती आली की रसद आली. वीज गेली की वेढा पडला. गिरणी चालवणारा रामधनी, तो जौनपूरचा, त्यालाही त्यांनी तयार केला होता. वीज गेली की तो बिचारा बाहेर येऊन गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईजी बोलीं, घेरा पड़ गया है. चार बजे आना."

आणि एक सवय. काही समजावून सांगायचं असलं की गल्ल्याशेजारच्या फळीवर जे पीठ सांडलेलं असायचं, त्यात बोटाने नकाशा काढायच्या. ही आपली गल्ली, हा भाजीवाला, हे स्टेशन, इथून माणसं येतात. बोलणं झालं की तळव्याने सगळं सपाट. पुन्हा कोरी पाटी.

शाळेतला त्यांचा एक नियम मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून इतक्यांदा ऐकलाय की मीच त्यांच्या वर्गात होते असं वाटतं. उत्तरात कुणी 'म्हणे' लिहिलं की लाल रेघ. "अमुक राजा म्हणे फार शूर होता? कोण म्हणे? पुरावा काय? इतिहासात म्हणे चालत नाही, बाळा. म्हणे चालतं ते चाळीच्या नळावर!"

त्यांची पहिली लढाई मी डोळ्यांनी बघितली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर गिरणीच्या वर राहायचे. त्यांनी नोटीस काढली, आवाजाने भिंती हादरतात, गिरणी बंद करा. मी तावातावाने बाईंकडे गेले. म्हटलं, "भांडू या. मी येते तुमच्याबरोबर." बाई हसल्या. "मंगल, तू ना, सरळ तलवारच उपसतेस. आधी साम, मग दाम, मग दंड, मग भेद. क्रम आहे त्याला." त्यांनी एवढंच शोधून काढलं की सेक्रेटरी दुपारी जेवून झोपतात आणि त्यांना थालीपीठ भारी आवडतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची गिरणी बंद, आणि दर गुरुवारी वर ताज्या भाजणीचा डबा. महिन्याभराने तेच गृहस्थ मीटिंगमध्ये सांगत होते की गिरणी ही सोसायटीची शान आहे. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, जयंतीभाईंनी गिरणी टाकली.

गिरणी कसली, शोरूम! पुढे काच. आतमध्ये टाइल्स. मशीनला झाकणं, पिठाचा एक कण उडत नाही. गहू त्यांच्याकडेच मिळणार, चार प्रकारचे, आणि पीठ घरपोच. जयंतीभाई स्वतः पांढऱ्या शर्टात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडणार. आमच्या गल्लीचं काय सांगू, चकचकीत दिसलं की धावतच सुटते. पंधरवड्यात बाईंसमोरची डब्यांची रांग अर्ध्यावर आली.

बाईंनी मला बोलावून घेतलं. "तू जा तिकडे. एक किलो गहू दळून आण. सगळं बघून ये. किती मशीनं, किती माणसं, गिऱ्हाइकाला काय सांगतात."

"म्हणजे मी हेर?"

"हो. आणि हेर आहेस असं तोंडावर दाखवू नकोस."

मी गेले. जयंतीभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वर मसाला ताक. "बेन, किधर रहेते हो? अच्छा, सामनेच? अरे वा!" आम्ही त्यांच्या आईच्या गुडघ्यांवर बोललो, माझ्या पित्तावर बोललो. त्यांनी ओव्याचा एक उपाय सांगितला. परत आले तेव्हा बाई पिठात बोट टेकवून तयार. "हं, बोल. मशीनं किती?" मला एक आठवेल तर शपथ! बाईंनी पिठातलं बोट उचलून पदराला पुसलं. म्हणाल्या, "ताक पिऊन फितूर झालेला हेर मी पहिल्यांदाच बघते."

पण बाई हिंमत सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या रात्री नाही झोपल्या बहुतेक, कारण सकाळी फळीवर मोठा नकाशा होता. मला आणि रामधनीला उभं करून त्यांनी शिकवणीच घेतली. "गव्हाच्या पिठात आपण त्याच्याशी लढायचं नाही. ते मोकळं मैदान आहे, तिथे त्याचं घोडदळ मोठं. आपण त्याला खिंडीत गाठायचं. तो काय दळत नाही? भाजणी. मेतकूट. नाचणी. भाकरीचे तांदूळ. पावशेर, अर्धा किलो असलं बारीकसारीक. ते सगळं आपलं. आणि तो गिरणी उघडतो दहाला, पूजा करून. आपण उघडायची सहाला. कामाला जाणारा माणूस स्टेशनकडे जाता जाता डबा टाकेल, येताना घेऊन जाईल. याला म्हणतात पहाटेचा छापा."

रामधनी म्हणाला, "छे बजे, बाईजी? ठंड में भी?"

"ठंड में भी. गड झोपून राखता येत नाही."

आणि चाललं की हो ते! रांग पुन्हा वाढली. उत्तनहून मासळी घेऊन येणारी हिराबाय आमच्या नाक्यावर बसायची, ती भाकरीचे तांदूळ बाईंकडेच टाकायची. एकदा जयंतीभाईंच्या माणसाने तिला हाक मारली तर ती रस्त्यातूनच ओरडली, "बाय, तुजी गिरण हाय तवर मी तिकरं न्हाय जायाची!" बाईंचा चेहरा असा फुलला, मला वाटलं आता तोफा उडवायला सांगतात.

पण खिंडीतल्या लढाईत माणूस तग धरतो, जिंकत नाही. गव्हाचं दळण गेलं ते गेलंच. गिरणीचा पट्टा बदलायला झाला होता, झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाके द्यायचे होते, आणि हातात पैसा नव्हता. नवरात्र तोंडावर आलं होतं. बाईंच्या गिरणीची सगळी इभ्रत नवरात्रात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गिरणी बंद ठेवून रामधनी तिचं न्हाणंधुणं करायचा. दगड ब्रशने घासायचे, पिशव्या नव्या लावायच्या, आधी थोडा राजगिरा दळून तो पाखरांना टाकायचा, म्हणजे गव्हाचा अंशही उरायला नको. मग उपासाचं दळण सुरू. राजगिरा, वरी, शिंगाडा. नऊ दिवस उपास करणाऱ्या बायका दहिसरहूनसुद्धा यायच्या. त्या वर्षी जयंतीभाईंनी काचेवर कागद लावला, 'येथे उपवासाचे पीठ दळून मिळेल.' बाई तो वाचून आत आल्या. मला म्हणाल्या, "हे नवरात्र गेलं तर गिरणी गेली, मंगल. आमच्या यांनी उभी केलेली."

दुसऱ्या दिवशी मी भाजणी न्यायला उभी होते. पुढे एक बाई होती, बोलण्यात पटाईत, सगळ्या गल्लीत फिरणारी. तिने सहज विचारलं, "समोरपण उपासाचं सुरू झालंय ना?" सबनीसबाई डबा पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय माहीत बाई. सकाळी गहू दळतात त्याच मशीनवर दुपारी राजगिरा दळतात म्हणे."

एवढंच. पण त्यातला एक शब्द मला खटकला. म्हणे? बाईंच्या तोंडून? रामधनीनेही गिरणीमागून मान काढून बघितलं. बाईंनी डबा पुसणं चालूच ठेवलं, डबा कधीचा स्वच्छ झाला होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीत वणवा. जयंतीभाईंकडे आधी एक बाई येऊन आपला राजगिरा परत घेऊन गेली, मग दुसरी. उपासाचं सोडा, लोक गहूसुद्धा द्यायला कचरू लागले, कारण जो उपासाला फसवतो तो कशालाही फसवेल. दोन दिवसांत काचेच्या दुकानात जयंतीभाई एकटे, आणि बाईंसमोर रांग पार भाजीवाल्यापर्यंत. साम, दाम, दंड बाजूला राहिले, शेवटचं शस्त्र, भेद, तेवढं चाललं. बाई जिंकल्या होत्या. पण त्या दिवसांत त्यांनी पिठात नकाशा काढला नाही, की रामधनीला एक आरोळी मारली नाही.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी जयंतीभाई रस्ता ओलांडून आले. आता भांडण होणार म्हणून मी पुढे सरकले. पण त्या माणसाने हात जोडले. "बेन, कोणतरी माझ्या नावाने खोटी बात उडवली. तुम्ही तर टीचर आहे. तुमचा शब्द सगळे मानते. एक वार येऊन बघा, आणि तुम्हीच सांगा लोकांना."

त्याला ठाऊकच नव्हतं हो! ज्यांनी घाव घातला त्यांच्याकडेच तो साक्ष मागायला आला होता.

बाईंचा रंग उडाला. त्या त्याच्यामागून गेल्या, मीही गेले. काचेच्या दुकानामागे एक छोटी खोली. तिथे एक छोटी वेगळी गिरणी, पांढऱ्या कापडाने झाकलेली, वर कुंकवाची बोटं. बाजूला खुर्चीवर जयंतीभाईंची आई, मांडीवर राजगिरा निवडत बसलेली. जयंतीभाई आईकडे बोट करून म्हणाले, "बा नऊ दिवस याच पिठावर राहते. हिच्यात मी कधी गव्हाचा दाणा टाकला नाय, बेन. माझ्या बाचा उपास मी मोडणार काय?" म्हातारीने बाईंकडे बघून हसून मान हलवली. तिला काही ऐकू येत नव्हतं.

परत येताना बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. रिक्षावाले शिव्या देत होते. मी त्यांचा हात धरून ओढलं. जिन्यात त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरांच्या उत्तरात म्हणे दिसलं की लाल रेघ मारली मी जन्मभर. भेद भेद म्हणून काय शिकवत होते गं मी? आणि जिंकून काय राखलं? आमच्या यांनी कधी कुणाच्या मापात चिमूटभर पीठ मारलं नाही." मग तिथेच, त्या अंधाऱ्या जिन्यात, त्या रडल्या. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी बाजूला बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागलेली. रामधनीने गिरणी धुऊनपुसून सज्ज केलेली. आणि बाई वरून उतरल्या त्या हातात स्वतःच्या राजगिऱ्याचा स्टीलचा डबा घेऊन. नवी साडी नेसलेल्या. स्वतःच्या गिरणीत न शिरता त्या सरळ रस्ता ओलांडून जयंतीभाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इकडची सगळी रांग वळून बघायला लागली. जयंतीभाईंनी घाईघाईने डबा घेतला, दळला, परत दिला. बाईंनी चिमूटभर पीठ घेऊन दोन बोटांत चोळलं, जिभेवर ठेवलं, आणि त्या वर्गातल्या आवाजात, गिरणीच्या घरघरीवर, म्हणाल्या, "चोख आहे! या गिरणीत उपासाचं मशीन वेगळं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. उलट बोलले होते ती मीच, आणि ते खोटं होतं."

जयंतीभाई पाठ फिरवून आत गेले. नाक्यावरून हिराबाय ओरडली, "बाय, आता तूच तिकरं उभी, मंग आमी कुठं जावाचं?"

"तांदूळ माझ्याकडे आण," बाई म्हणाल्या. "उपासाचं इथे."

रामधनीने धुऊन ठेवलेली गिरणी त्या दिवशी तशीच राहिली. पुढेही बाईंनी उपासाचं दळण कधी घेतलं नाही. जयंतीभाई मात्र काही लगेच विरघळले नाहीत. का विरघळावं? दिवाळीपर्यंत त्यांनी इकडे मान वळवली नाही. समोरासमोर आले की बाईच नमस्कार करायच्या, ते बघितलं न बघितलं करायचे. पट्टा तुटायला आला, मुलगी पुन्हा नाशकाहून फोन करायला लागली. बाई म्हणायच्या, "गड गेला तर जाऊ दे. निदान नीट जाईल."

आणि वसुबारसेच्या सकाळी बघते तर काय, जयंतीभाईंच्या काचेवर कागद, गुजराती, हिंदी, मराठी तिन्हींत, 'चकलीची भाजणी समोर.' खाली बाण. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी बाहेर येऊन, चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग फळीवरच्या पिठात दोन चौकोन काढले, मधे रस्ता काढला, आणि कितीतरी वेळ ते पुसलं नाही. "तह झाला," एवढंच म्हणाल्या. त्या दिवाळीत पट्टाही बदलला आणि दगडांना टाकेही दिले.

तेव्हापासून दर वर्षी घटस्थापनेला तोच प्रकार. बाई डबा घेऊन पलीकडे जायच्या, रांगेत शेवटी उभ्या राहायच्या. जयंतीभाई म्हणायचे, "बेन, पुढे या ना." बाई म्हणायच्या, "नंबर येऊ दे." नंबर आला की चिमूट घ्यायच्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं "चोख आहे!" म्हणायच्या. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं ही काहीतरी गुजराती रीत आहे.

मी त्यांना नीट बघितलं ते त्यांच्या इथल्या शेवटच्या नवरात्रात. बाई फार खंगल्या होत्या. नाशकाला जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. आवाज तर पार गेला होता, समोर बसलेल्यालाही वाकून ऐकावं लागायचं. मी म्हटलं, "बाई, या वर्षी मी आणते तुमचं दळण. नाहीतर रामधनी आपल्याच गिरणीत दोन मिनिटांत काढून देईल. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या.

डबा त्यांनी कुणाला धरू दिला नाही. एका हातात काठी, एका हातात डबा, मी मागे. रस्त्यात दोन रिक्षा अंगावर आल्या तेव्हा जयंतीभाई दुकान सोडून रस्त्यात आले आणि दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. बाईंना हात मात्र लावला नाही, त्यांना आवडलं नसतं. खुर्ची दिली तर बाई बसल्या नाहीत. रांग मोठी होती, मशीनं सगळी चालू, बायका डबे पुढे ढकलत होत्या. बाईंचा नंबर आला. पीठ आलं. त्यांनी चिमूट घेतली, चोळली, जिभेवर ठेवली. ओठ हलले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही काही ऐकू आलं नाही.

जयंतीभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं, आणि हात वर करून मेन स्विच बंद केला. सगळी मशीनं एकेक करत थांबली. त्यांनी काचेतून समोर हात केला तशी रामधनीनेही आमची गिरणी बंद केली. सगळी गल्ली चूप. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, वीज गेली का, काय झालं?

"बोला, बेन," जयंतीभाई म्हणाले.

"चोख आहे," बाई म्हणाल्या. एवढुसा आवाज, पण रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत गेला.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, आणि जयंतीभाईंनी स्विच चालू केला.